क्रमांक एकचा सदरा

मी, पार्तेनी दोब्रोतेस्कू, वय एकोणऐंशी, निवृत्त चित्रकला शिक्षक, राहणार पोयेनित्सा, जिल्हा गोर्ज, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहितो. डोके ठिकाणावर आहे. हृदय नाही, तसे डॉक्टरांनी लिहून दिले आहे. कोणाचा दबाव नाही.

१. वडिलांचे लाकडी घर आणि त्याच्या तीन खोल्यांतले संग्रहालय, एकूण चारशे बारा वस्तू, ग्रामपंचायतीला द्यावे. छपरावर पत्रा घालू नये.

२. मधल्या खोलीतला हातमाग भाची फिरुत्साला. 'हात लावू नये' ही पाटी आधी काढावी.

३. कोंबड्याचे चित्र असलेली थाळी निचिफोर कुंभाराने त्याच्या आजोबांची म्हणून संग्रहालयाला दिली. ती त्यानेच त्याच वर्षी भाजली होती, हे मला दोन वर्षांनी कळले. विचारले तर म्हणाला, "मास्तर, आजोबांचा हातच माझ्याकडे आलाय की." थाळी राहू द्यावी, तिच्याखालची माहितीची चिठ्ठी बदलावी. निचिफोर साक्षीदार आहे, तेव्हा त्याला वेगळे कळवायला नको.

४. संग्रहातली वस्तू क्रमांक एक. काळ्या दोऱ्याने भरलेला बायकांचा सदरा. माझी धाकटी बहीण साविना हिने तो चार हिवाळे बसून स्वतःच्या दफनासाठी भरला. संग्रहालय उघडताना मी तो मागितला. ती म्हणाली, "ने दादा. पण माझी वेळ आली की आणून दे. तिकडं आईपुढं काय तुझं काचेचं कपाट घालून उभी राहू?"

ती २०१७च्या फेब्रुवारीत गेली. सदरा तेव्हा बुखारेस्टला प्रदर्शनात होता. फोनवर प्रदर्शनवाले म्हणाले, माणूस पाठवा, देतो. मी पाठवला नाही. त्यांच्या भित्तिपत्रकावर त्याच सदऱ्याचे चित्र होते आणि खाली माझे नाव. साविनाला दुकानातल्या, प्लॅस्टिकच्या बटणांच्या सदऱ्यात पुरले. बायकांनी बटणांकडे पाहिले.

मेलेल्याच्या नावाने दिलेले, घेणाऱ्याने वापरले की मेलेल्याला पोचते. चाळिसाव्या दिवशी मी मडकी दिली. सहा महिन्यांनी पंचे. मग दरवर्षी काही ना काही. सदरा दिला नाही.

सातव्या वर्षाचे दान येत्या फेब्रुवारीत आहे. रीतीप्रमाणे ते शेवटचे. मी असो वा नसो, त्या दिवशी फिरुत्साने सदरा काढून साविनाची मैत्रीण रुसान्दा हिच्या हातात द्यावा. तिने तो घालावा, धुवावा, फाटेपर्यंत वापरावा. तिला विचारले आहे. म्हणाली, "काचेतला सदरा घालून शेळ्या राखू? लोक तिकीट काढून मलाच बघायला येतील." मग म्हणाली, "घालीन."

कपाट रिकामे ठेवावे. चिठ्ठीवर लिहावे : साविनाचा सदरा. साविनाकडे आहे.

५. वरचे कलम वाचून निचिफोर म्हणाला, "मास्तर, अजून जिवंत आहात. कपाटाची किल्ली खिशात आहे. आजच काढा की."

मी उठलो नाही. किल्ली साक्षीदारांसमोर फिरुत्साला दिली आहे. मी मागितली तरी तिने ती मला परत देऊ नये.

सही : पार्तेनी दोब्रोतेस्कू
साक्षीदार : निचिफोर ओग्रेझ्यानू, कुंभार (थाळीबद्दलचे वाचले)
साक्षीदार : फादर व्हिसारियोन, गावचे धर्मगुरू
पोयेनित्सा, १२ नोव्हेंबर २०२३