गाडी थरथरते, इंजिन नाही

३ मार्च
सिग्नलला गाडीची पुन्हा तीच थरथर. ब्रेकवर पाय, गिअरचा लिव्हर 'डी'मध्ये, आणि सीट, आरसा, मागे ठेवलेल्या रक्ताच्या नळ्या, सगळंच हलतंय. नळ्यांची किणकिण ऐकून शेजारचा रिक्षावाला वाकून बघतो. एसी लावला की जास्तच. न्यूट्रलला टाकली की गप्प, आणि रस्त्याला लागली की गुणी बाळ.
सकाळची घरं नागरवाड्यातली. काळेकाकूंचं तपासणीसाठी रक्त घेताना त्या म्हणाल्या, "अगं सुमन, हात का थरथरतोय तुझा? थरथरायचं वय माझं!" म्हटलं, गाडीतून उतरल्यावर राहतो तसा थोडा वेळ. मग पाच मिनिटं त्यांच्या सुनेची तक्रार ऐकली, हात थांबला, सुई एकदाच टोचली.

७ मार्च
ह्यांनी गाडी ताब्यात घेतली. जन्म मकरपुऱ्याच्या कारखान्यात रबराचे भाग बनवण्यात गेला, दिवाळीत निवृत्त झाले. तेव्हापासून घरातलं एकही यंत्र सुखाने जगत नाही. मिक्सरनेही दोन शस्त्रक्रिया सोसल्या.
प्लग बदलले. हवेचा फिल्टर बदलला. थ्रॉटल टूथब्रशने घासला (माझ्या!). थरथर तशीच. म्हणाले, "राहिलं काय? माउंटिंग. पण ते तर नवं आहे." ते म्हणजे इंजिनाखालचं रबर. जुनं फाटलं होतं, बाजारात मिळेना, म्हणून निवृत्तीच्या आधी ह्यांनी कारखान्यात स्वतः साचा करून बनवलं. जानेवारीत बसवलं. "तू फाटशील, हे फाटणार नाही," असं तेव्हा लाडाने म्हणाले होते. लाड करायची पद्धत एकेकाची.

१२ मार्च
गॅरेज. हसमुखभाईंनी न्यूट्रलमध्येच तपासली, तिथे ती शहाण्यासारखी वागते. तरी म्हणाले, "बेन, रेस थोडी वधारी आपी छे. हवे नहीं ध्रूजे."
रेस वाढवून दिली, आता थरथरणार नाही म्हणे. खरंच थरथर कमी झाली. पण ही ऑटोमॅटिक, हिला क्लच नाही. रेस वाढवल्यावर ब्रेक जरा सोडला की पुढे झेपावते. सोसायटीच्या फाटकात बसलेली गाय उठून पळाली. ती आजवर कोणासाठी उठली नव्हती. कशीबशी घरी आले, दुपारी परत जाऊन रेस कमी करून घेतली.

१६ मार्च
हे म्हणाले, "विकून टाकू या. म्हातारी झाली ती." कारखान्यातल्या मित्राला हवी आहे, पाडव्याच्या मुहूर्तावर नेईन म्हणतो.
"आणि मी?"
"रिक्षा आहेत की. तुझ्या हातांकडे बघवत नाही मला."
काळजीने म्हणाले, कळतं मला. पण राग आला तो आलाच. माझा डावा पाय लहानपणीच पोलिओने गेला, क्लच दाबता येत नाही. ऑटोमॅटिक म्हणूनच ही सेकंडहँड गाडी शोधून घेतली. हिच्यामुळे मी पहाटे कुणाला हाक न मारता घराबाहेर पडते, घरोघरी जाते. चाळिशी उलटल्यावर मिळालेलं हे सुख. रिक्षावाल्याने हात देऊन उतरवायचं, नळ्यांचा डबा त्याने धरायचा, हे सगळं पुन्हा? नको.
भांडी जरा जोरात घासली.

२१ मार्च
शेजारच्या ज्योत्स्नाबेनना बॉनेटपाशी उभं केलं. मी आत, ब्रेक घट्ट दाबून, 'डी'मध्ये. हे बँकेत गेले होते. म्हटलं, इंजिन कुठे उडतंय ते बघा.
त्या म्हणाल्या, "सुमनबेन, एन्जिन तो जराय हलतुं नथी. आखी गाडी हले छे!"
पुन्हा बघायला सांगितलं. तेच, इंजिन जागचं हलत नाही, अख्खी गाडी हलते. मग मीच हँडब्रेक लावून उतरले, न्यूट्रलमध्ये ठेवून इंजिनावर हात ठेवला, मग गाडीच्या अंगावर. दोन्हीकडे तीच कंपनं, न्यूट्रलमध्ये बारीक, एवढंच. इंजिन थोडं हललं पाहिजे, रबराने ते पोटात घेतलं पाहिजे. हे रबर काही पोटात घेतच नाही. कारखान्याच्या यंत्रांना लागतं तसं कडक केलंय. थंडीत एसी नव्हता म्हणून एवढं जाणवलं नाही.
म्हणजे ह्यांनी बनवलेलं. हाय रे देवा.

२४ मार्च
सांगितलं नाही अजून. संध्याकाळी हे गॅलरीत मित्राला फोनवर सांगत होते, "गाडीत बाकी काही नाही, माउंटिंग तर माझ्या हातचं आहे." आवाजात केवढा आनंद. आत येऊन मी उगाच डाळ निवडत बसले.
पण गप्प राहिले तर गाडी जाते.

२७ मार्च
सांगितलं. चहा देऊन, समोर बसून.
"अहो, तुमचं रबर फार कडक झालंय. थरथर त्याचीच आहे."
"कोण म्हणालं? हसमुख?"
"मी म्हणते."
चहा तसाच राहिला. मग म्हणाले, "फाटू नये म्हणून केलं होतं ग." एवढंच. मला रडू आलं आणि हलकंही वाटलं, दोन्ही एकदम. थोड्या वेळाने उठले, बॉनेट उघडलं, म्हणाले, "बस आत. डीला टाक." बराच वेळ गाडीवर पंजा ठेवून उभे. मला वाटलं ओरडतील. बॉनेट हळूच लावलं आणि आंघोळीला गेले.

२९ मार्च
सकाळी म्हणाले, "डबा दे."
"कुठे?"
"मकरपुऱ्याला. साचा असेल अजून. मऊ माल घालून बघतो."
"आणि नाही जमलं तर?"
चपला घालत राहिले. मित्राला काय सांगितलंत, विचारलं. म्हणाले, "थांब म्हणालो."
थांब म्हणजे नाही नव्हे. कंपनीच्या बसची वेळ अजून पाठ आहे, नाक्यापर्यंत जवळजवळ पळतच गेले. मोबाइल टेबलावर विसरले.
तो आत्ता वाजतोय. मित्राचंच नाव दिसतंय. जमो न जमो, गाडी द्यायची नाही, हे मीच सांगते.