उलटी छापलेली निगेटिव्ह

प्रिय दादा,

फोन केला की तू कामात असतोस, म्हणून हा कागदाचा उद्योग. फाडू नकोस, शेवटपर्यंत वाच.

बाबा कामाला होते तो साबणाचा कारखाना आता कलादालन झालाय. ज्या फाटकाच्या आत आपल्याला पाय टाकू देत नसत, तिथे लोक खुशाल सेल्फी काढतात. मला तिथल्या प्रदर्शनाचं काम मिळालंय. जुना फोटो जिथून काढला, नेमकं तिथेच उभं राहून आजचा फोटो काढायचा आणि दोन्ही शेजारी लावायचे. सगळे जुळले. एकच जुळेना, चौकशीत पुरावा म्हणून लावलेला. आपला काका ज्या यंत्रात सापडून गेला, त्याचा. फोटोत खिडक्या डावीकडे, दालनात उजवीकडे. तीन दिवस डोकं खाल्लं त्याने. मग यंत्राशेजारी हसत उभ्या असलेल्या काकाकडे नीट पाहिलं. शर्टाचा खिसा छातीच्या उजव्या बाजूला! निगेटिव्ह उलटी ठेवून छापली होती रे. माझ्या धंद्यात शिकाऊ माणूसही पहिल्या आठवड्यात ही चूक करतो, आणि शिव्या खातो.

बाबा यंत्राच्या डाव्या टोकाला होते, हे सगळ्यांनाच मान्य होतं. फोटोत यंत्र बंद करायचा दांडा त्याच टोकाला दिसतो. खरा दांडा उजव्या टोकाला होता, बारा फूट लांब. फरशीत त्याच्या बोल्टांची भोकं अजून आहेत, टेप लावून मोजलं मी. बाबा घसा कोरडा करून हेच सांगत होते. पण हेड ऑफिसच्या साहेबांनी इथे पाऊल न टाकता फोटोवर निकाल दिला, की दांडा हाताशी असून बाबांनी यंत्र बंद केलं नाही, आणि तू बाबांना तोंडावर विचारलंस, फोटो खोटं बोलतो का? मलाही मनातून तेच वाटलं होतं. त्याची आज फार लाज वाटते. अकरा वर्षं झाली तू घरी येऊन. तुझा विषय निघाला की बाबा चष्मा पुसत बसतात.

इथले व्यवस्थापक म्हणतात, हा फोटो वगळा, जुनं उकरू नका. मी लावणार. सुलटा छापून, दारासमोर, खाली सगळी हकीकत लिहून. अडवलं तर बाकीचे फोटोही उतरवीन. बाबांना मात्र मी अजून काहीच सांगितलेलं नाही, मुद्दामच. माझ्याकडून कळलं तर त्यांना बरं वाटेल, एवढंच. आपण खोटं बोललो नव्हतो, हे त्यांना तुझ्या तोंडून ऐकायचंय. रविवारी दहा वाजता मी त्यांना दालनात घेऊन येतेय. तू दारात उभा राहा.

लहान असून हुकूम सोडणारी,
तुझीच ठेंगी