एकतीस मार्चची किल्ली

१० नोव्हेंबर १९९७, सोमवार

खोटं बोललो. सकाळी अकरा वाजता, ऑफिसच्या फोनवर, स्वच्छ मराठीत.

मिरजेजवळच्या डोळ्यांच्या धर्मादाय हॉस्पिटलातून विनयाचा फोन होता. ती तिथे रेकॉर्ड क्लार्क. कॉम्प्युटरचं शिक्षण शून्य. मी लिहिलेलं ‘रचक’चं जाडजूड मॅन्युअल तिने सहा वर्षांपूर्वी एकटीने वाचून काढलं आणि सगळ्या पेशंटांच्या नोंदी त्यात स्वतः बसवल्या. रचक आम्ही त्यासाठीच तर केलं होतं — प्रोग्रॅमर नसलेल्या माणसाला आपला प्रोग्रॅम आपण करता यावा! आता ते वापरणारी देशभरात साठेक ठिकाणं उरलीत.

“सर, जूनपासून चाळीस गावांतल्या शाळकरी मुलांचे डोळे तपासायचेत. नवीन मशिनं येणार, विंडोजवाली. कोल्हापूरची पार्टी म्हणते, आम्ही प्रोग्रॅम करून देतो. डॉक्टर म्हणाले, आधी सरांना विचार. रचक विंडोजवर येणार ना? सपोर्ट राहणार ना?”

राजीव, म्हणजे आमचा साहेब, माझ्या टेबलाशी उभा. हाताने खुणा — हाँ बोलो, हाँ बोलो.

“येणार. मार्चपर्यंत. रचकवरच करा,” मी म्हणालो.

“मग मीच करते सर!” केवढी खूश झाली.

फोन ठेवल्यावर राजीवला विचारलं, खरंच येणार का? “अरे हेरंबजी, अभी कुछ तय नहीं है. लेकिन कस्टमर को ये थोड़ी ना बोलेंगे!”

१९ नोव्हेंबर, बुधवार

रचकचं भवितव्य ‘अंडर रिव्ह्यू’ आहे. दिवसभरात तीनदा ऐकलं. आपल्याकडे याला टांगून ठेवणं म्हणतात.

८ डिसेंबर, सोमवार

गुडगावचं नवीन ऑफिस बघून आलो. काचाच काचा, आणि बाहेर म्हशी. नेहरू प्लेसचा गाशा गुंडाळून मार्चअखेर सगळे तिकडे. काम एकच — अमेरिकेतल्या कंपन्यांचे जुने प्रोग्रॅम दुरुस्त करणं. दोन हजार साल उजाडलं की त्यांची मशिनं ते एकोणीसशे समजतील म्हणे! त्यासाठी दीडशे माणसं. रचकसाठी मी एकटा, आणि मला टेबल कुठे मिळणार ते नकाशावर कुणाला सापडेना.

१४ जानेवारी १९९८, बुधवार

रजा. इथल्या मराठी मंडळाच्या बसने पानिपत, काला अंबचं युद्धस्मारक. भाषणात एक गृहस्थ तावातावाने — रसद तुटली म्हणून हरलो! क्षिप्राने विचारलं, “बाबा, रसद मतलब?” मी म्हणालो, “सपोर्ट.” शुभदाने अशी काही नजर टाकली! म्हणाली, “आज तरी ऑफिस घरी ठेवायचंस.” येताना बसमध्ये सगळे गात होते. मी झोपेचं सोंग घेतलं.

२ फेब्रुवारी, सोमवार

विनयाचा फोन. शाळांचं काम निम्मं झालं. रविवारीसुद्धा बसते. गावांच्या यादीपाशी अडली होती, वीस मिनिटांत सुटलं. अर्धं तर तिनेच सोडवलं. आमच्या इथल्या टायवाल्या पोरांना नसती सुचली ती युक्ती! विंडोजचं विचारलं नाही. मी सांगितलं आहे ना, मग संपलं.

शेवटी दरवर्षीचं वाक्य : “सर, किल्ली तेवढी वेळेवर पाठवा हं.”

किल्ली म्हणजे एक आकडा. ३१ मार्च उलटला की रचक बंद पडतं. आम्ही पाठवलेला नवा आकडा घातला की पुढचं वर्षभर चालतं. गिऱ्हाईक दरवर्षी परत आलं पाहिजे, ही कल्पना राजीवची. कुलूप मात्र मी घडवलं, ९१ साली. काय मिरवलो होतो! घरी पेढे आणले होते.

१७ मार्च, मंगळवार

ठरलं. रचक बंद. विंडोजवर येणार नाही, किल्ल्याही यापुढे मिळणार नाहीत. मी अमेरिकेच्या तारखा सुधारायला गुडगावला. रचकसंबंधी काहीही बाहेर द्यायचं नाही, दिलं तर नोकरी गेली, असा कागद पुढे आला. सही केली. वाचूनच केली.

२३ मार्च, सोमवार

साठ ठिकाणी साठ पत्रं. खाली नाव माझं. “लोग आपको जानते हैं, हेरंबजी.” मिरजेच्या पत्रापाशी पेन अडलं. शाई संपली होती, दुसरं काही नाही. राजीवने आपलं पेन दिलं.

२८ मार्च, शनिवार

किल्लीचं गणित माझ्या डोक्यात आहे. ऑफिसातून काही चोरायला नको, फ्लॉपी नको. लायसन्स नंबर आणि साल, बस्स. आत्ता याच पानावर हॉस्पिटलचा आकडा काढला. बरोबर आहे, दोनदा ताडून पाहिला. हा एक आकडा पाठवला की त्यांचं वर्ष निघेल.

शुभदाला सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. “आणि ऑफिसात कळलं तर? हे क्वार्टर माझ्या नोकरीचं आहे म्हणून डोक्यावर छप्पर राहील. बाकीचं काय? क्षिप्राची दहावी आहे पुढच्या वर्षी.” मग जरा वेळाने, “तुझं तू ठरव.” ओरडली असती तर बरं झालं असतं.

आकडा आंतर्देशीय पत्रावर लिहिला. पत्ता घातला. खिशात ठेवला.

३१ मार्च, मंगळवार

पत्र खिशातच. जाता-येता चार पेट्या लागल्या. भित्रा!

१ एप्रिल, बुधवार

विनयाचा फोन नाही.

२ एप्रिल, गुरुवार

आजही नाही. गुडगावला नवा फोन आहे, पण जुना नंबर तिकडे वळवलाय, दुपारी स्वतः करून पाहिला.

अकरा हजार पेशंट. कुणाचं ऑपरेशन कधी, कुणाला परत कधी बोलवायचं, सगळं त्यात. आणि पडद्यावर ‘लायसन्स संपले आहे’. ते वाक्यही माझंच! डबा तसाच घरी आणला. माझी मला लाज वाटते. उद्या मीच फोन करतो आणि आकडा सांगतो. नोकरी गेली तर गेली. शुभदाला तसं सांगून टाकलं. ती म्हणाली, “सकाळीच कर. मग पुन्हा विचार करत बसशील.”

३ एप्रिल, शुक्रवार

सरोजिनी नगरच्या एसटीडी बूथवरून केला. म्हटलं, विनयाबाई, आकडा लिहून घ्या.

“किल्ली नको सर. त्र्याण्णव साली तुमचं पत्र उशिरा आलं ना, तेव्हाच कळलं. सकाळी मशिनला तारीख मागची द्यायची, फेब्रुवारी त्र्याण्णव. पाच वर्षं तीच देतोय. पेशंटची तारीख आम्ही वेगळी भरतो.”

मग दरवर्षी मागत का होतात?

“डॉक्टर म्हणायचे, मागत राहा. म्हणजे तिकडे सरांना ठेवतील.”

शाळांचं काम कुठवर आलं, एवढंच विचारलं.

“ते पूर्ण झालं होतं सर. पण तुमचं पत्र आलं. बंद पडलेल्या गोष्टीवर नवीन काम नको, डॉक्टर म्हणाले. कोल्हापूरच्या पार्टीला दिलं, मला त्यातून काढलं. किल्लीचं राहू दे. पण मी नोव्हेंबरात विचारलं होतं सर. तेव्हा नाही म्हणायचं होतंत.”