संक्रांतीला विचारलेली तब्येत

प्रिय उषाकाकू,

वैशालीला आत नेऊन बराच वेळ झाला. गर्भाशय काढायचं ऑपरेशन आहे, तुम्ही ज्याला नेहमी 'पिशवी' म्हणायचात. तिचा नवरा नितीन खाली कॉफी आणायला गेलाय, समोरच्या टीव्हीवर कुणीतरी स्वयंपाकघराच्या भिंती रंगवतंय आणि मला नुसतं बसवत नाहीये. म्हणून तुम्हाला लिहायला घेतलं. हे खरं तर तुमच्या तोंडावर सांगायला हवं होतं, पण तुमच्या तोंडावर काही सांगायची आमची कुणाची छाती होती?

तुम्ही दिवाळीच्या तोंडावर गेलात. तुमच्या घरी आता वर्षभर सण नाही, म्हणून यंदाचं संक्रांतीचं हळदीकुंकू मी माझ्याकडे केलं. दारात बर्फात घालायच्या बुटांचा ढीग, आत काळ्या साड्या, सगळं तसंच. तिळगूळ मात्र आयसेलिनच्या देशी दुकानातला. तुम्ही नाक मुरडलं असतंत, कारण तुमचा घरी केलेला असायचा. आणि दगडासारखा! रागावू नका काकू, तुमच्या लाडवानं माझी दाढ हलली होती एकदा. आणि वाण म्हणून थर्मामीटर वाटणारी बाई अख्ख्या न्यू जर्सीत तुमच्याखेरीज दुसरी नसेल.

पण बायका तुमच्याकडे काही लाडवासाठी यायच्या नाहीत. त्या यायच्या तुमच्या लाँड्री रूमसाठी. इथे डॉक्टरची अपॉइंटमेंट मिळायला महिने लागतात, आणि मिळाली तरी अंगावरून जातंय हे त्या गोऱ्या पोरसवदा डॉक्टरला कसं सांगायचं? त्यापेक्षा नागपूरहून शिकून आलेल्या, इथे जन्मभर बाळंतपणं केलेल्या आपल्या डॉक्टरकाकू बऱ्या. हळदीकुंकू झालं की एकेक जण हळूच आत सरकायची. तुम्ही ड्रायरमध्ये दोन टॉवेल टाकून तो सुरू करायचात, बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून.

माझीही पाळी आली तिथे. अडतिसावं चालू होतं, पिशवीतल्या गाठींमुळे इतका रक्तस्राव व्हायचा की ऑफिसात काळ्या पँटशिवाय दुसरं काही घालायची सोय नव्हती.

"मुलं किती?" तुम्ही विचारलंत.

"दोन."

"आणखी हवीत?"

"नाही हो, काकू!"

"मग कशाला सांभाळत बसलीयस? काढून टाक. आणि पोट उघडतायतच तर ओव्हरीजही काढून घे, पुढे कॅन्सरची टांगती तलवार नको. नंतर हार्मोनच्या गोळ्या देऊ करतील, त्या मात्र घेऊ नकोस. ब्रेस्टला वाईट."

झालं! ड्रायर थांबायच्या आत माझा निकाल लागला होता. आणि खरं सांगू? मला केवढं हलकं वाटलं. माझ्या सर्जननंही मान डोलावली, त्या काळी बरेच जण तेच करत होते. तुमच्या एकटीवर खापर फोडायला मी बसलेली नाही.

दोन्ही काढून टाकलं आणि रक्तस्राव थांबला, हे मी कधीच नाकारणार नाही. पण काकू, बाकीचं कुणी सांगितलं होतं? पाळी हळूहळू जाते तेव्हा शरीराला सवय व्हायला वेळ मिळतो म्हणे. माझी एका दिवसात गेली. फेब्रुवारीत दुकानाच्या पार्किंग लॉटमध्ये मी कोट काढून उभी राहायचे आणि माझा मुलगा ओरडायचा, "मॉम, इट्स फ्रीझिंग!" झोप गेली. बोटांचे सांधे असे धरायचे की डब्याचं झाकण उघडेना. नवऱ्यानं पाण्याचा ग्लास चुकीच्या जागी ठेवला तरी मी अंगावर धावून जायचे आणि मग बाथरूममध्ये रडायचे. सर्जननं गोळ्या देऊ केल्या, मी तुमचं ऐकून नको म्हटलं. एवढी शिकलेली मी, पण एकदाही उलट विचारलं नाही.

मग आली संक्रांत. तुम्ही दारातच माझ्या कपाळाला हळदीकुंकू लावलंत, हातावर तिळगूळ ठेवलात आणि सगळ्यांसमोर खणखणीत आवाजात विचारलंत, "काय गं मेधा, बरं आहे ना आता?"

मागे बायकांची रांग. हातात तिळगूळ. त्या दिवशी गोडच बोलायचं, हे आपण लहानपणापासून शिकलेलो. मी म्हटलं, "हो काकू, एकदम मस्त." तुमचा चेहरा असा काही खुलला! पुढच्या वर्षीही तोच प्रश्न, तेच उत्तर. त्याच्या पुढच्या वर्षीही.

तुम्ही माझ्या नोकरीची किती थट्टा करायचात, आठवतं? "पेशंट न बघता डॉक्टरकी करणारी आमची मेधा!" दुसऱ्यांनी केलेले अभ्यास गोळा करायचे आणि बायकांच्या या दुखण्यांवर कुठला उपचार खरंच गुण देतो हे तपासायचं, असलं आमचं कंटाळवाणं काम. पण तिथे पहिल्याच आठवड्यात शिकवतात की पुन्हा तपासणीला न आलेली बाई बरी झाली असं धरायचं नाही. आणि जी आली तिला कुणी, कुठे, कुणासमोर विचारलं, तेही बघायचं. हे मी नव्या मुलामुलींना शिकवते. शिकवताना तुमचं दार मला एकदाही आठवलं नाही.

यंदा मात्र आठवलं. हळदीकुंकू उरकलं आणि वैशालीनं मला ओढतच माझ्याच लाँड्री रूममध्ये नेलं. तिची आणि तुमची ओळख तशी अलीकडची. एकोणचाळीस वर्षांची, एक मुलगी, माझ्यासारख्याच गाठी.

"मेधाताई, ड्रायर लाव ना," ती म्हणाली. मला हसूच आलं, पण मी लावला, तशी ती सांगू लागली. "अगं, नेक्स्ट वीक सर्जरी आहे. युटरस काढायचं डिसाइड केलंय, ते ठीक आहे. पण सर्जन विचारते, ओव्हरीज पण रिमूव्ह करू का, इट्स युअर चॉइस. मला काय कळतंय यार चॉइस! काकू असत्या तर चटकन सांगितलं असतं."

"काय सांगितलं असतं?"

"काढ म्हणूनच. लास्ट इयर म्हणाल्या होत्या ना मला. तुझंच एक्झाम्पल देऊन! म्हणाल्या, मेधाला बघ, सगळं काढलं आणि कशी टुणटुणीत आहे. सुजाताला पण त्यांनी तुझंच सांगितलं होतं."

काकू, म्हणजे तिळगूळ तोंडात टाकून मी जे म्हणत होते, ते तुम्ही पुढच्या बायकांना औषधासारखं देत होतात? आणि सुजाता! ऑपरेशननंतर ती एकाही हळदीकुंकवाला आली नाही. आपण सगळ्या म्हणालो, बिझी असेल.

मग मी वैशालीला सगळं सांगितलं. पार्किंग लॉट, सांधे, बाथरूम. तिचा चेहरा उतरत गेला. "मग तू काकूंना का नाही सांगितलंस?" तिनं विचारलं. तिचा आवाज चढला होता, ड्रायर होता म्हणून बरं. मग तिनंच पुढचं विचारलं.

"पण रिसर्च काय म्हणतं? ते तरी सांग."

काय सांगणार? गाठींवर गोळ्या आहेत, गाठींचा रक्तपुरवठा बंद करता येतो, नुसत्या गाठी काढता येतात, पिशवी काढता येते. पण यातलं काय कशापेक्षा चांगलं हे नीट ताडून पाहिलेलं फार थोडं आहे, आणि बरेचसे अभ्यास बाईला थोड्याच काळात सोडून देतात. दहा वर्षांनी तिचं काय झालं हे विचारायला कुणी जात नाही. ओव्हरीजबद्दल मात्र एवढं सांगता आलं की घरात तसा कॅन्सर नसेल आणि पाळी जायचं वय झालं नसेल, तर चांगल्या ओव्हरीज उगाच काढू नयेत, असा आता कल आहे. आणि काढाव्याच लागल्या तर हार्मोनला सरसकट नाही म्हणू नये, डॉक्टरशी बोलावं. हे माझ्या वेळी मला कुणी सांगितलं असतं तर!

ती बूट चढवून निघून गेली. दोन दिवसांनी मेसेज आला, "ओव्हरीज ठेवतेय. पण जाम भीती वाटतेय. येशील सोबत?"

म्हणून मी इथे आहे. आणि मलाही भीती वाटतेय. उद्या तिला काही झालं तर? तुमच्या शब्दावर चालण्याऐवजी ती माझ्या शब्दावर चालली, इतकाच फरक पडला असेल तर?

एक विचारू? दारात उभ्या बाईची पापणी खाली ओढून रक्त कमी आहे हे ओळखणाऱ्या तुम्ही. जानेवारीत माझ्या गळ्यावरचा घाम तुम्हाला दिसला नाही? की दिसला होता, आणि तुम्हालाही गोडच ऐकायचं होतं? हे आता मला कधीच कळणार नाही, आणि त्याचा मला फार राग येतो. तुमची आठवणही तितकीच येते.

आत्ताच सर्जन येऊन गेली. "एव्हरीथिंग वेंट ग्रेट!" म्हणाली. नितीन रडायलाच लागला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला, पण माझ्याच्यानं हसवलं नाही. ग्रेट झालं की नाही हे आज कसं कळणार?

ते मी विचारणार आहे, काकू. वैशालीला आणि सुजातालाही. सण नसलेल्या दिवशी, फोनवर, त्या एकट्या असताना, आणि पुन्हा पुन्हा. हातात तिळगूळ असताना कुणालाही तब्येत विचारणार नाही, हा माझा शब्द. आणि सुरुवात माझ्यापासून करते. दर संक्रांतीला तुम्ही मला एकच प्रश्न विचारायचात ना?

नाही, काकू. बरं नव्हतं.

तुमची,
मेधा