समुद्रावर टेकलेला सूर्य

मंगळवार, विश्रामबाग

आज पिहूच्या कार्टूनमध्ये बेटावर अडकलेला खलाशी एकदाचा जेवायला बसला. हातात केळं, मागे समुद्रावर टेकलेला केशरी सूर्य, आणि हा नुसता लाटांकडे बघत राहिलेला. सासूबाईंचं जेवण नेहमीसारखं दिवस मावळायच्या आत झालं होतं, तरी त्या टीव्हीपुढून हलेनात.

"खा की रं आता. दिस बुडाय लागलाय," सासूबाई त्या खलाशालाच म्हणाल्या.

पिहू हसली. "आजी, तो जैन नाहीये."

"नसू दे की. उपाशी झोपंल."

मीही हसले. पण तो केशरी सूर्य काही डोळ्यांपुढून जाईना. पिहूचे बाबा जहाजावर नोकरीला, आत्ता कुठल्या समुद्रात असतील कोण जाणे. तिथे कामाच्या पाळ्या. सूर्य बघून जेवणं त्यांना जमत असेल का? मी कधी विचारलं नाही. का नाही विचारलं?

भांडी विसळताना आठवलं. त्यांचा फोन आला की सासूबाई कधीच 'जेवलास का' म्हणत नाहीत. 'तिथं अजून उजेड हाय का,' एवढंच विचारतात. मला आजवर वाटायचं, त्या हवापाणी विचारतायत.