माशांचा खाऊ

धाकट्या,

आईला आता काही आठवत नाही, असं मीच तुला फोनवर ठणकावून सांगितलं होतं. गोल्डफिशना सारखी खायला घालते, म्हणून टाकीतलं पाणी गढूळ होतं, असंही म्हणाले. "अगं, मी डब्याला हातसुद्धा लावत नाही," ती रडकुंडीला येऊन सांगत होती. तरी मी तिला फैलावर घेतलं आणि डबा कपाटावर ठेवला, तिचा हात पोचणार नाही असा.

पाणी गढूळच राहिलं. काल एक मासा पोट फुगून उलटा तरंगत होता.

आज उरलेले उपाशी असतील म्हणून मी स्टुलावर चढले. वरून नजर गेली, तर पाण्यावर दाणे आधीच पसरलेले. डबा उघडलाही नव्हता, तरी माझ्या बोटांना त्यांचा वास येत होता. आई समोरच बसली होती.

"मीच घातलं होतं? मग बोलली का नाहीस?"

"तू ओरडतेस ना."

मला धडकी भरलीय रे. हे पत्र टाकायचा धीर होत नाही; तू आईला घेऊन जाशील आणि मी एकटी उरेन. पण तिच्या रक्तदाबाच्या गोळ्या मीच देते. मी ओरडल्यापासून त्याही ती मुकाट्याने गिळते, मी देईन तितक्या वेळा.

तुझी ताई