तेविसावी गाडी

९ जाने. ७३, मंगळ.
आज पुन्हा ‘नो केन’. ऊस संपला, मिल गप्प. नववी ‘ब’ला भूमिती सांगत होते, कारखान्याची घरघर थांबली तशी पोरंही थांबली. हे तोंड पाडून घरी आले. शेतातला ऊस बैलगाड्यांनी यार्डात आणायचं काम ह्यांचं, त्यामुळे बोलणीही ह्यांनाच. चेअरमनसाहेब (पुढे चे.सा. लिहीन, हात दुखतो) म्हणे, पाथर्डीकडच्या ऊसतोडीच्या टोळ्या कामचोर, ओढ्याकाठी विड्या फुंकत बसतात. पुढच्या शनिवारपर्यंत मिल भरून चालली नाही तर दोन टोळ्या गावी परत.
गावी काय आहे? यंदा तिकडे प्यायला पाणी नाही. खडी फोडायची, तीही मिळाली तर.

११ जाने., गुरु.
एम.एस्सी.चं वाचन. पुण्याच्या सरांनी पाठवलेल्या पुस्तकात आज विचित्र प्रमेय भेटलं. वाटांच्या जाळ्यातून जास्तीत जास्त किती माल जाईल? उत्तर असं: जाळं आरपार कापायचं, म्हणजे निघण्याची जागा एकीकडे, पोचण्याची दुसरीकडे. कापात सापडलेल्या वाटा मिळून किती नेतात ते मोजायचं. असे सगळे काप करून बघायचे. सर्वांत लहान काप जेवढा, माल तेवढाच.
त्याहून जास्त जाणार नाही हे शेंबड्या पोरालाही कळेल. पण तेवढा जातोच? हे कशावरून? सिद्धता पानभर. वाचली, पटली नाही. चिडचिड. भाजी करपली.

१२ जाने., शुक्र.
ह्यांना म्हटलं, तुमच्या वाटांचा नकाशा काढून द्या. “आता तूपण गाड्या मोजणार?” म्हणाले, पण दिला. चार गावं, मधल्या वाटा, पाट, ओढा, शेवटी कारखाना. कुठून तासाला किती गाड्या जातात तेही तोंडपाठ. मिलला तासाला तीस लागतात. ओढ्याच्या चढावर मात्र आठच. “आठच का?” “बसतात ना तिथे विड्या ओढत!” म्हणजे हेही तेच म्हणतात.

१४ जाने., रवि., संक्रांत
तिळगूळ घेऊन ओढ्यावर गेले. टोळीच्या मुकादमाची बायको भागाबाई गाडी घेऊन उभी होती. गाडीवान बसलेत, विड्या चालू आहेत, खरंच. मी विचारलं, का बसलात?
“एका जोडीनं ह्यो चढ निघतोय व्हय बाई? मागच्याची जोडी सोडायची, म्होरच्याला जुपायची. गाडी वर गेली की बैलं माघारी. ज्याची बैलं गेली त्यो बसंल न्हाई तर काय करंल?”
एक गाडी वर चढेपर्यंत तिथेच उभी राहिले. बैलांचे गुडघे टेकायचे बाकी होते. लाज वाटली मला.

१५ जाने., सोम.
नकाशावर गाड्या सोडल्या. पहिल्या झटक्यात एकोणीस बसल्या, पुढे सगळं ठप्प. मग पुस्तकातली युक्ती केली: दिलेली वाट परत काढून घ्यायची. वरच्या गावच्या गाड्या पाटाच्या पुलावरून उठवून ओढ्याकडे वळवल्या, पुलावर जागा झाली. वीस, एकवीस, बावीस! तेविसावी काही केल्या जाईना. इकडून ढकलली की तिकडे अडते. आज पोळ्या ह्यांनी लाटल्या.

१६ जाने., मंगळ.
कळलं. कळलं!!
तेविसावी गाडी जाईल तिथवर न्यायची. पोचेल त्या प्रत्येक जागेवर खूण करायची. शेवटी ती अडते. खूण झालेला भाग एकीकडे, बाकीचा दुसरीकडे, आणि मधली प्रत्येक वाट भरलेली. भरलेली असणारच, नाहीतर गाडी पुढे गेली असती की! म्हणजे ती अडते तीच काप दाखवते. पाटाचा पूल नऊ, ओढ्याचा चढ आठ, खालच्या गावची गल्ली पाच. बावीस. बरोब्बर बावीस.
तिन्ही जागा एकमेकींपासून लांब, म्हणून कुणाला एकत्र दिसल्याच नाहीत. संचालकांनी रुंद केलं ते कारखान्याचं फाटक! एकीकडून मी गाड्या वाढवत आले, दुसरीकडून काप लहान होत आला, आणि दोघं एकाच आकड्यावर येऊन थांबले. कुणी ठरवलं हे? अंगावर काटा आला. देवळातही मला असं कधी झालेलं नाही.

१८ जाने., गुरु.
चे.सां.कडे गेलो, दोघंही. नकाशा मांडला. माणूस हुशार, पटकन समजला.
“म्हंजे गाडीवान आळशी न्हाईत.”
“नाहीत.”
“रस्ताच बावीस नेतोय.”
“हो.” मी खूष.
“मग जादाच्या गाड्या पोसायच्या कशाला? दोन टोळ्या तशाबी कमीच कराय पायजेत.”
हे माझ्याकडे बघायला लागले. मी गाडीवानांना निर्दोष ठरवायला गेले होते, जादा ठरवून बसले. प्रमेयाला काय त्याचं.
म्हटलं, चढ छाटला तर एका जोडीने गाडी निघेल, काप मोठा होईल. “किती?” चढाने सोळा नेल्या तर तीस भरतात, मध्ये दुसरा काप आडवा येत नाही, हे करून पाहिलं होतं. चढ सोळा नेईल का, ते मला माहीत नाही. तसंच सांगितलं.
“सोमवारपत्तूर मुदत. त्याच दोन टोळ्यांनी छाटायचा. मंगळवारी तीस न्हाई भरल्या तर जातील.”

२१ जाने., रवि.
वर मुरूम, खाली काळा दगड लागला. हे घमेली वाहतायत, मीही. वरचा भाग छान उतरता झाला, मधला टप्पा तसाच. मला अजून त्या बावीसचं अप्रूप वाटतं आणि भीतीही वाटते. खरं आहे ते खरंच राहणार, मी कितीही हात जोडले तरी.

२२ जाने., सोम.
मधला टप्पा जमेल तेवढा फोडला. दिवस मावळायच्या आत एक गाडी चढवून बघायची ठरलं. भागाबाईची, पूर्ण भरलेली. पुढची जादा जोडी सोडली.
“बाई, तुमचं गनित काय म्हनतं? ऱ्हायचं का जायाचं?”
“एका जोडीने चढली तर राहायचं.”
“आन् न्हाई चढली तर?”
मी चाकामागे लावायला दगड उचलला. तिने बैलांच्या पाठीवरून हात फिरवला, कासरा आवळला आणि “चल रं” म्हणाली.